सोळा ओळींत त्र्यंबकेश्वर: पिक्सेल फॉन्ट आणि आपली देवनागरी

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आजीला घेऊन पंचवटीतल्या एका थांब्यावर उभी होते. समोरून बस आली, वर लाल एलईडीची पाटी. मी म्हटलं, "आजी, गंगापूरची गाडी, चल." आजी जागची हलली नाही. तिला पाटीवर 'गगापर' असं काहीतरी दिसत होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्मा आहे, पेपर ती रोज वाचते. म्हणाली, "तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "इंग्रजी वाचलं." त्यावर ती म्हणाली, "मग मराठी कशाला लिहिलंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, आणि ते जरा लाजिरवाणं होतं. कारण माझी पीएचडी इलेक्ट्रॉनिक सायन्समध्ये आहे आणि विषय नेमका हाच: कमी ठिपक्यांच्या डिस्प्लेवर देवनागरी कशी दाखवायची. हा लेख म्हणजे आजीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. थोडं गणित येईल, पण चौथीच्या पुढचं नाही.

सुरुवात जरा लांबून करते. 'पिक्सेल फॉन्ट' म्हटलं की आज तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? जुन्या व्हिडिओ गेमची पाटी, टी-शर्टवरची चौकोनी अक्षरं, एखाद्या कॅफेचा मुद्दाम जुनाट ठेवलेला बोर्ड. इंग्रजीत या अक्षरांची मोठी परंपरा आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअरने शिकागो हा फॉन्ट एकेक ठिपका बसवून काढला. जेसन कोट्केने १९९९ मध्ये वेबपानांवरच्या बारीक मजकुरासाठी सिल्कस्क्रीन बनवला. आज गूगल फॉन्ट्सवर मिळणारा 'प्रेस स्टार्ट टू पी' हा १९८० च्या दशकातल्या नामको कंपनीच्या आर्केड गेममधल्या अक्षरांवर बेतलाय: प्रत्येक अक्षर ८ × ८ च्या जाळीत. हे फॉन्ट आता हौसेखातर वापरले जातात. पडदे सुधारले, ठिपके दिसेनासे झाले, म्हणून ठिपक्यांची आठवण गोड वाटायला लागली.

देवनागरीचं तसं नाही. आपल्याकडे पिक्सेल फॉन्ट अजून नोकरीवर आहे. बसची पाटी, रेल्वे फलाटावरचा इंडिकेटर, बँकेतला टोकन नंबर, दुकानाबाहेरची चालती पाटी, सगळीकडे मराठी आजही मोजक्या ठिपक्यांत बसवावी लागते. आणि बहुतेक वेळा ती कोंबलेली असते.

पाच गुणिले सातचा हिशोब

कुठल्याही अक्षराला वाचण्याजोगं दिसायला कमीत कमी किती ठिपके लागतात? इंग्रजीसाठी उत्तर ठरून गेलंय: ५ आडवे, ७ उभे. एवढ्यात ए पासून झेड, आकडे, विरामचिन्हं सगळं बसतं. साठवायला एका अक्षराला ५ बाइट. आस्कीमधली ९५ छापण्याजोगी चिन्हं धरली तर सगळा फॉन्ट ४७५ बाइटचा, म्हणजे अर्ध्या केबीच्याही आत. मेमरी महाग होती त्या काळात हे वरदान होतं, आणि पुढचं सगळं हार्डवेअर याच मापावर कापलं गेलं.

इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स केलेल्यांना तो हिरवा नाहीतर निळा १६ × २ चा एलसीडी आठवत असेल. त्यात प्रत्येक अक्षराची खोली ५ × ८ ठिपक्यांची, आणि स्वतःची चिन्हं बनवायला जागा फक्त आठ. मी एमएस्सीला असताना त्यावर 'नाशिक' लिहायचा हट्ट धरला होता. लिहिलं. पण दोन खोल्यांच्या मध्ये काचेवरच एक रिकामी फट असते, तिथे ठिपकाच नसतो. त्यामुळे शिरोरेघ दर पाच ठिपक्यांनी तुटायची. प्रोग्राममध्ये काहीही करा, ती फट भरता येत नाही. ज्याने ती काच बनवली त्याच्या डोक्यात एकमेकांना चिकटणारी अक्षरं नव्हतीच.

आता देवनागरीला किती लागतात ते मोजू. आपलं अक्षर तीन मजली आहे. वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार. मध्ये शिरोरेघ आणि तिला लटकलेलं मूळ अक्षर. तळमजल्यावर उकार, ऋकार, हलन्त. वेलांटीला वळायला किमान ३ ओळी लागतात, आणि तिच्याबरोबर अनुस्वार आला तर चौथी. शिरोरेघेला १. उकाराला ३. सोळा ओळींच्या पाटीतून हे वजा करा: १६ वजा ४ वजा १ वजा ३, उरल्या ८. म्हणजे 'क' चं गाठोडं, 'झ' ची शेपटी, 'ब' च्या पोटातली तिरकी रेघ हे सगळं आठ ओळींत.

त्याच सोळा ओळींत इंग्रजी कॅपिटल अक्षर मात्र आरामात १४ ओळी उंच होतं. त्याला वर काही नाही, खाली काही नाही. रेघ दोन ठिपके जाड करता येते. पाटी एकच, पण एक अक्षर चौदा ओळींचं आणि दुसरं आठ. आजीचं कोडं इथेच निम्मं सुटतं.

डोळ्याचा हिशोब

बाजारात 'पी-टेन' नावाचं एलईडी पॅनल सर्रास मिळतं. चालत्या पाट्या बनवणारे हेच वापरतात. ३२ × १६ ठिपके, दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर, म्हणून नाव पी-टेन. एका पॅनलवर ५१२ एलईडी. तीन पॅनल शेजारी लावली की ९६ × १६ ची पाटी होते.

निरोगी डोळ्याला, ज्याला डॉक्टर ६/६ म्हणतात, साधारण एक मिनिट कोनाएवढी फट ओळखू येते. एक मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १० मिलिमीटरची फट किती अंतरावर एक मिनिटाची होते? सुमारे ३४ मीटरवर. नजर ६/१२ असेल तर निम्म्या अंतरावर, १७ मीटर. आता बस ताशी ३० किलोमीटरने थांब्याकडे येतेय असं धरा. ती सेकंदाला ८ मीटरहून थोडं जास्त कापते. म्हणजे ६/१२ नजरेच्या माणसाला एका ठिपक्याची फट दिसायला लागल्यापासून बस समोर येईपर्यंत दोन सेकंद मिळतात. इंग्रजी अक्षरात फटी दोन-तीन ठिपक्यांच्या असतात, त्यामुळे तिथे हाच वेळ दुप्पट-तिप्पट होतो. आणि हे दिवसाचं झालं. रात्री एलईडीचा उजेड डोळ्यात पसरतो आणि बारीक फटी आधी बुजतात.

बुजल्या तर बिघडतं काय? देवनागरीत बरंच काही. 'व' आणि 'ब' मध्ये फरक पोटातल्या एका रेघेचा. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' या जोड्यांमध्ये मुख्य फरक शिरोरेघ तुटते की नाही एवढाच, शिवाय एक बारीक वळसा. पाटीवर ही तूट म्हणजे एक न पेटलेला ठिपका. तो बुजला की भगूरचं मगूर होतं. एकीकडे शिरोरेघ पाटीवरचे सर्वात जास्त ठिपके खाते आणि सर्वात कमी माहिती देते, दुसरीकडे तिच्यातली एक फट सगळा अर्थ ठरवते. (मोडीत लिहिणारे आधी पानभर रेघ ओढून मग खाली अक्षरं काढायचे. तिथे तर रेघ निव्वळ आधार होती. गुजरातीने ती टाकूनच दिली. मला कधीकधी गुजरातीचा हेवा वाटतो.)

ठिपके बरोबर, शब्द चूक

एक वेगळ्या जातीची चूकही तुम्ही पाहिली असेल: 'नाशिक' च्या जागी 'नाशकि'. ही ठिपक्यांची चूक नाही. संगणकात 'शि' साठवताना आधी श येतो, मग ऱ्हस्व वेलांटी. उच्चाराचा क्रम तोच आहे. दाखवताना मात्र वेलांटी श च्या आधी काढायची असते. फोन आणि संगणकावर ही अदलाबदल करणारा प्रोग्राम असतो, हार्फबझ हे त्यातलं एक प्रसिद्ध नाव. स्वस्त पाटीतल्या चिपमध्ये तो नसतो. ती बिचारी आलेलं चिन्ह आल्या क्रमाने काढत जाते, आणि वेलांटी पुढच्या क वर जाऊन बसते.

याची खरी परीक्षा घ्यायची तर आपल्या जिल्ह्यातच शब्द आहे: त्र्यंबकेश्वर. डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये मोजा: त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क, मात्रा, श, हलन्त, व, र. तेरा. पहिल्या सहा चिन्हांचं मिळून एकच 'त्र्यं' होतं. ग्नू युनिफॉन्ट नावाचा एक मोफत ठिपक्यांचा फॉन्ट आहे, त्यात देवनागरीसुद्धा आहे. पण त्याची रचनाच एका चिन्हाला एक चित्र अशी, जोडाक्षर त्याच्या कक्षेत येत नाही. मी पहिल्यांदा तो वापरून हे नाव पाटीवर टाकलं तेव्हा हलन्तांची रांग लागली होती.

हा प्रश्न नवा नाही, आणि आपल्या लोकांनी तो सोडवलेलाही आहे. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या पडद्यावर आणण्याचं काम झालं. त्यातून आलेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे पुण्यात, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅककडे वाढलं. संगणकात एक कार्ड बसवायचं आणि इंग्रजीसाठी बनलेल्या पडद्यावर देवनागरी उमटायची. पुढे विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला मंगल हा फॉन्ट सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांचा. सरकारी कचेऱ्यांतल्या मजकुरामुळे तो इतका ओळखीचा झालाय की कुणी त्याकडे बघत नाही, पण तो अशा काळातला आहे जेव्हा पडद्यावरच्या बारा-चौदा ठिपक्यांत 'क्ष' ओळखू येणं हीच मोठी गोष्ट होती.

मात्र गंमत बघा. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा वन' नावाचा सुरेख देवनागरी फॉन्ट निघाला, गूगलवर फुकट मिळतो. रंगाऱ्याच्या ब्रशला वारस मिळाला. इंडिकेटरच्या ठिपक्यांवर असं प्रेम करणारे मला फार थोडे भेटलेत.

तोरणातून सुचलेलं

आता माझ्या कामाबद्दल. आमच्या दारावर आईने लग्नाआधी केलेलं मण्यांचं तोरण आहे, 'सुस्वागतम्' लिहिलेलं. तुमच्याही घरी कुणी केलं असेल, किंवा मॅटीच्या कापडावर क्रॉसस्टिच. हेही पिक्सेल फॉन्टच आहेत, एक मणी म्हणजे एक ठिपका. त्या तोरणाकडे रोज बघत असूनही एक गोष्ट मला उशिरा दिसली. आईने वरचा मजला ठेवलेलाच नाही. शिरोरेघ थेट वरच्या काठाला चिकटवलीय. कारण 'सुस्वागतम्' मध्ये वर काहीच नाही! ना वेलांटी, ना मात्रा. उकार आणि हलन्त दोन्ही खाली. म्हणून तिची अक्षरं त्या अरुंद पट्टीतही मोठी दिसतात. मी आईला विचारलं, हे कसं सुचलं? तिने माझ्याकडे असं पाहिलं की यात सुचायचं काय.

पाटीवरचा फॉन्ट असं करत नाही. तो सगळ्या शब्दांसाठी तिन्ही मजले राखून ठेवतो, लागोत न लागोत. मोठ्या मजकुरात ते बरोबरच आहे, नाहीतर ओळी वरखाली होतील. पण बसच्या पाटीवर एका वेळी एकच नाव असतं. तिथे रिकामा मजला कुणासाठी राखायचा?

मी नाशिकच्या आसपासची एकोणीस नावं घेतली आणि मजले मोजले. निमाणी, पंचवटी, नाशिकरोड, सिडको, पाथर्डी, देवळाली, दिंडोरी, ओझर, सिन्नर, घोटी आणि त्र्यंबकेश्वर: अकरा नावांत फक्त वरचा मजला लागतो. सातपूर आणि भगूर: फक्त खालचा. आडगाव, मखमलाबाद आणि म्हसरूळ: दोन्ही नाहीत. (म्हसरूळवर मी अडखळले होते. 'रू' चा उकार खाली जात नाही, अक्षराच्या कमरेलाच लागतो.) तिन्ही मजले मागणारी फक्त तीन: गंगापूर, इगतपुरी आणि अंबडजवळचं चुंचाळे. 'चुं' मध्ये तर एकाच अक्षराला वर अनुस्वार आणि खाली उकार.

म्हणजे एकोणिसातल्या सोळा नावांना आपण उगाच बुटकं करतोय. निमाणीला खालच्या तीन ओळी दिल्या तर मूळ अक्षर ८ वरून ११ ओळींचं होतं. सातपूरला वरच्या चार मिळतात, १२. आडगावला शिरोरेघ सोडून पूर्ण १५, जवळजवळ दुप्पट. तिथे रेघा आणि फटी दोन-दोन ठिपक्यांच्या करता येतात आणि ६/१२ नजरेला १७ ऐवजी ३४ मीटरवरून वाचता येतं. पाटी तीच, वीज थोडी जास्त, नवीन खर्च काही नाही.

आणखी एक गोष्ट यातून निघाली, जी माझ्या गाइडनाही आवडली. देवनागरी उंच आहे पण लांब नाही. त्र्यंबकेश्वर हे नाव आठ ओळींच्या अक्षरांत मी साधारण ४५ स्तंभांत बसवलं. इंग्रजीत हेच तेरा अक्षरांचं, अगदी छोट्या ५ × ७ मध्येसुद्धा ७७ स्तंभ घेतं. मोठ्या अक्षरांत लिहिलं तर ९६ च्या पाटीत मावतच नाही, सरकवावं लागतं. म्हणजे ९६ × १६ ही पाटीच इंग्रजीच्या अंगाची आहे. त्याच १५३६ एलईडी ६४ × २४ अशा मांडल्या तर मराठीला उंची मिळते आणि बहुतेक नावं बसतात. त्र्यंबकेश्वर चार-पाच स्तंभांनी बाहेर जातं हे कबूल करते, 'श्व' थोडा चेपावा लागेल. शिवाय पी-टेन पॅनल सोळाच ओळींचं येतं, त्यामुळे २४ साठी वेगळं पॅनल शोधावं लागतं.

काढताना शिकलेल्या काही बारीक गोष्टी, कुणी स्वतः करणार असेल तर. 'क' ला गाठ, दंड आणि आकडा मिळून ७ स्तंभ लागतातच, त्याच्या खाली जाऊ नका. अनुस्वार एका ठिपक्याचा कधीच ठेवू नका, २ × २ करा, नाहीतर पंचवटीची पचवटी. 'दुसऱ्या' मधला चंद्रकोरीसारखा र मराठीचा खास आहे, इंटरनेटवरून उचललेल्या तक्त्यांत तो बहुधा नसतो. तसंच ल आणि श. हिंदी वळणाचे तयार मिळतात, पण महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात मराठी वळण दिलंय आणि आपल्या शहराच्या नावातच श आहे, तेवढं करा. आणि शब्द शेवटी चित्र म्हणून पाटीला पाठवा, अक्षर म्हणून नको. वेलांटीचा घोळ तिथेच संपतो. पाटीवर मोजकीच नावं फिरणार असतात, प्रत्येकाचं चित्र आधी करून ठेवायला मेमरी आता पुरेशी आहे.

घाई का करतेय तर २०२६-२७ चा सिंहस्थ. २०१५ ला मी शाळेत होते, गर्दी आठवते. त्या वेळी रामकुंडाकडे जाणाऱ्यांत आजीच्या वयाची, फक्त देवनागरी वाचणारी माणसं किती होती तेही आठवतं. या वेळी रस्तोरस्ती एलईडी पाट्या असणार. गर्दीत दोन सेकंदांत वाचायची पाटी आणि चार सेकंदांत वाचायची पाटी यात बराच फरक आहे.

सध्या आमच्या गॅलरीत तीन पॅनल टांगलेली आहेत. संध्याकाळी आजी खाली गल्लीत खुर्ची टाकून बसते, मी वरून नावं बदलते, ती मोठ्याने वाचते. शेजारच्यांना आता सवय झालीय. खुर्ची सतरा मीटरवर आहे, टेपने मोजून. आडगाव, म्हसरूळ, निमाणी ती पटकन वाचते. त्र्यंबकेश्वर पण. भगूरला एकदा अडली, मग मी शिरोरेघेतली फट दोन ठिपक्यांची केली. इगतपुरी मात्र अजूनही 'इगतपरी' वाचते.